खांबापासून खांबापर्यंत

"पंडितकाका, उद्या तुमची सुट्टी बरं का!" व्हरांड्याच्या टोकाकडून भक्ती सिस्टर ओरडली, आणि पंडितचे पाय जागच्या जागी चिकटले. बातमी तर चांगली होती. खोल्याखोल्यांतून लोक दाराशी आले, कुणी टाळ्याही वाजवल्या, कारण त्या उन्हाळ्यात परभणीत कुणी कुठून धडधाकट घरी निघालं की लग्नघरासारखा आनंद व्हायचा. पंडितनं हात वर केला. हसायलाही गेला, पण चेहरा काही त्याच्या हुकमात राहिलेला नव्हता. आत हसू फुटलं तरी वर आपला दगड तो दगड. उजवा पाय पुढं टाकायचा होता. टाकला असं त्याला वाटलंही. खाली बघितलं तर पाय होता तिथंच, टाच किंचित उचललेली, नुसती थरथर, आणि वरचं धड मात्र पुढं निघालेलं. त्यानं पटकन हात लांबवून चौथा खांब धरला. सकाळपासून जिथून तो बिनबोभाट ये-जा करत होता तिथंच आता त्याला खांबाला मिठी मारून उभं राहावं लागलं.

हे चिकटणं त्याच्या ओळखीचं होतं. दारातून जाताना व्हायचं, चिंचोळ्या जागेत व्हायचं, घाई केली की व्हायचं, आणि कुणी अचानक हाक मारली की हमखास. नांदेडच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "पायाला काही झालेलं नाही तुमच्या. डोक्यातून निघालेला हुकूम पायापर्यंत पोचत नाही, एवढंच." पंडितची सगळी नोकरी वीज मंडळात लाईनमन म्हणून गेलेली. तो म्हणाला, "म्हंजे डीपी चांगली, तारबी चांगली, मधी जोडाचा झंपर ढिला झालाय." डॉक्टर मनापासून हसले होते. "तसंच समजा. गोळी अर्धं काम करील, उरलेलं अर्धं तुमच्या चालण्यानं होईल. पार्किन्सनमध्ये चालणं एकदा सोडलं की परत मिळवणं फार अवघड. बसलात की बसलात." शेजारच्या खुर्चीवर त्याचा मुलगा सिद्धोधन मान डोलावत ऐकत होता. पण माणूस आपल्याला पेलेल तेवढंच ऐकतो. सिद्धोधननं गोळीचं तेवढं ऐकलं, मोबाईलमध्ये गजर लावले, आणि चालण्याचं वाऱ्यावर गेलं.

इथं, गावाबाहेरच्या या वसतिगृहात, ज्याचं आता कोविड सेंटर केलं होतं, पंडितचे पाय कितीतरी दिवसांत असे चिकटले नव्हते. म्हणजे दारात थोडे अडायचे, पण चिकटत नव्हते. आणि आज घराचं नाव निघाल्याबरोबर चिकटले. खांबाचा चुना गालाला लागत होता आणि पंडितला स्वतःची लाज वाटत होती. घरी काय सासुरवास होता त्याला? मारत होते, का उपाशी ठेवत होते? बायको, मुलगा, सून, नात, सगळे जीव टाकत होते. कुणी विचारलं असतं की बाबा, तुला घरी दुःख काय, तर त्याला एवढंच सांगता आलं असतं की घरचे लय माया करतात. असलं सांगणाऱ्या माणसाला लोक जोड्यानं मारतील, आणि त्यात चूक काय म्हणा.

सगळं त्या खुर्चीपासून सुरू झालं होतं. खुर्ची सिद्धोधननं बँकेतल्या पहिल्या पगारात घेतली होती, मऊ गादीची, मागं रेलली की पायाखाली आपोआप फळी वर येणारी. ती घरात आली तेव्हा पंडितची बायको सरजाबाई तिच्याभोवती नुसती फिरत राहिली, हात लावायला धजेना. सरजाबाईनं जन्मभर कापूस वेचला, खुरपलं, रोजगार हमीवर खडी फोडली. दुपारच्या भाकरीपुरतं बूड टेकलं तरी मुकादम खेकसायचा. आणि पंडितचा बाप मुंजाजी, तो तर पेडगावात सगळं आयुष्य उभाच होता. पाटलाच्या ओट्यापुढं उभा, ग्रामपंचायतीत उभा, पोराला शाळेत घालायला नेलं तेव्हा गुरुजींपुढं उभा. धर्म बदलला, जयभीम म्हणायला लागला, मान वर करून बोलायला शिकला, पण गावात त्याला 'बस' असं म्हणालं नाही ते नाहीच कुणी. पंडितनं हे मुलाला कैक वेळा सांगितलं होतं, कधी रागानं, कधी सहज. आता वाटत होतं, इतकं सांगायला नको होतं. सिद्धोधननं ते मनावर घेतलं. खुर्चीवर बापाला दोन्ही खांद्यांना धरून बसवत तो म्हणाला होता, "दादा, आता तुमी हितून उठायचं न्हाई. लय उभे राहिले आपले लोक." सरजाबाईनं पदर डोळ्याला लावला होता. तेव्हा त्याला हा रोग झालेला नव्हता, त्यामुळं तो खुशाल बसला होता.

रोग झाल्यावरही सुरुवातीला निभावलं. पहाटे तो कृषी विद्यापीठाच्या रस्त्यानं चालायला जायचा, दोन्ही बाजूंना झाडं, रस्ता सरळ, सोबतीला पेन्शनर मंडळी. तो जरा झुकून, पाय घासत चालायचा, पण चालायचा. मग लॉकडाऊन लागला आणि रस्ता बंद झाला. पहिले काही दिवस तो अंगणातच फिरला. अंगण ते केवढं, घराच्या आणि कंपाउंडच्या मधली दोन हातांची पट्टी, तिच्यात पाण्याची टाकी, सुनेची स्कूटी, नातीची सायकल. वळताना टाकीपाशी पाय चिकटले आणि तो पडला. काही मोडलं नाही, कोपर तेवढं सोललं. पण त्या दिवसापासून घरात कायदा झाला. चपला माळ्यावर गेल्या. पाणी पाहिजे म्हणायच्या आधी पेला ओठाशी यायला लागला. सून सुकेशनी भाकरी कुस्करून, कालवून, ताटात घास करून ठेवायची, हातानं तुकडा मोडावा म्हणून पंडितनं बोटं हलवली तर ती कळवळून म्हणायची, "ऱ्हाऊ द्या मामा, मी हाव ना." शर्टाची बटणं सरजाबाई लावायची. बटणाशी झटायला त्याला पाऊण घंटा लागला असता, पण तो पाऊण घंटा त्याचा होता. आणि सात वर्षांची नात साक्षी, तिला तर सगळ्यांनी मिळून पहाऱ्यालाच बसवलं होतं. तो खुर्चीच्या हातांवर नुसता जोर द्यायला लागला की ती आनंदानं किंचाळायची, "आजोबा उठायलेत! आजोबा उठायलेत!" मग स्वयंपाकघरातून दोघी, आतल्या खोलीतून सिद्धोधन, सगळे धावत यायचे. त्या धावण्यानंच त्याचे पाय चिकटायचे. "बगा, हे असं होतंय," असं म्हणत ते त्याला पुन्हा बसवायचे.

तो बोलत नव्हता असं नाही. पण रोगानं आवाजही खाली नेला होता. पूर्वी खांबावरून हाक मारली की खालचा हेल्पर दचकायचा, असा आवाज; आता ओठ हलायचे आणि समोरच्याला वाटायचं की काका काहीतरी पुटपुटतायत. टीव्हीवर दिवसभर आकडे आणि सरणं. एकदा त्यानं सगळं बळ गोळा करून म्हटलं, "सिद्धा, डॉक्टरनं मला चालायला सांगितलंय." तेव्हा सिद्धोधन त्याच्यापुढं खाली बसला होता, गुडघ्यावर हात ठेवून. "दादा, पडलाव तर कुठं नेऊ तुमाला? मला एवढंच सांगा. एक तरी बेड हाय का गावात?" आणि मग हरिओमचं झालं. हरिओम सिद्धोधनच्या बँकेतला, शेजारच्याच टेबलावर बसणारा. त्याला धाप लागली म्हणून सिद्धोधननंच मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. हरिओम स्वतःच्या पायानं आत चालत गेला, दारातून वळून "उद्या बँकेच्या चाव्या पाठवतो" असं म्हणाला, आणि चौथ्या दिवशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला बाहेर आला. त्याच्या म्हाताऱ्या बापाला लांबून दाखवला. त्या रात्री सिद्धोधन जेवला नाही. खुर्चीशेजारी अंथरूण टाकून झोपला, आणि नंतर रोज तिथंच झोपायला लागला. पंडितनं कूस बदलायची धडपड केली तरी तो ताडकन उठून बसायचा. बापाला मरू द्यायचं नाही हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. खुर्चीत पंडित काँक्रीट धरावं तसा महिन्यामहिन्यानं घट्ट होत चालला होता, हे मात्र त्याला दिसत नव्हतं, कारण ते घट्ट होणं शांत होतं. त्यात पडझड नव्हती.

आणि गंमत बघा, घराबाहेर पाऊल न टाकलेला पंडितच तेवढा पॉझिटिव्ह निघाला. बाकी सगळे निगेटिव्ह. आलेला ताप उतरला होता, ऑक्सिजन चांगला होता, पण घर तीन खोल्यांचं, संडास एक, तेव्हा त्याला इथं आणणं भाग होतं. गाडी आली तेव्हा सरजाबाईनं असा हंबरडा फोडला की गल्लीतल्या बंद खिडक्या उघडल्या. सिद्धोधन गाडीच्या मागं कोपऱ्यापर्यंत पळत आला. "तेंला उठता येत न्हाई वो! तेंला कुनीतरी धरा!" असं तो ओरडत होता. पांढऱ्या प्लास्टिकच्या कपड्यांतल्या माणसानं काचेआडून मान हलवली आणि पंडितला वसतिगृहाच्या पायरीशी सोडून दिलं. धरलं कुणीच नाही. पायरीवर किती वेळ गेला कोण जाणे. तो बूड टेकून, हातावर रेटा देऊन, एकेक पायरी चढला. वर पोचला तेव्हा शर्ट घामानं भिजला होता आणि मनात भीतीशिवाय काही नव्हतं.

खोलीत पलीकडच्या खाटेवर पालमचा महारुद्रशेठ होता, बाजारात कापडाचं मोठं दुकान असलेला, अंगानं भरलेला, मरणाला टरकलेला. पंडित दारात दिसताच त्यानं उशी छातीशी धरली. "तिकूनच बोला काका! जवळ येऊ नगा. मला माझंच झालंय थोडं." सकाळी व्हरांड्याच्या पार टोकाला टेबलावर चहा आला, ज्यानं त्यानं उठून आणायचा. पंडित खाटेवर बसून राहिला, सवयीनं. कुणीतरी आणेल. महारुद्र उठला, आपला कप घेऊन आला, फुर्र करून प्यायला आणि भिंतीकडं तोंड करून झोपला. "शेठ," पंडित म्हणाला. महारुद्रनं ऐकलं नाही किंवा ऐकूनही तो हलला नाही. दुपारी जेवणाचं पाकीट आलं. देणाऱ्यानं ते लांबूनच फरशीवर सारलं आणि मागं सरकला, तेव्हा पंडितच्या कानशिलात एकदम जाळ झाला. वरून टाकलेल्या भाकरीच्या, ओंजळीत ओतलेल्या पाण्याच्या बापाच्या सगळ्या गोष्टी अंगावर आल्या. हे पाकीट उचलणार नाही, असं त्यानं ठरवलं. तेवढ्यात दुसरं पाकीट तसंच फरशीवरून घसरत महारुद्रच्या खाटेशी गेलं, आणि पालमच्या बाजारपेठेतला तो मातबर माणूस धोतर सावरत, पोट सांभाळत, ते उचलायला वाकला. पंडितला हसू आलं. कितीतरी महिन्यांनी असं पोटातून आलं, आणि हसता हसता तो उठला होता हे त्याला मागाहून कळलं.

चहासाठी मात्र व्हरांडा ओलांडावा लागे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खोलीच्या दारात उभा राहिला. चहाचं टेबल मैलभर दूर दिसत होतं. पाय अर्थातच चिकटले. मागून कुणी धावलं नाही, कुणी ओरडलं नाही, म्हणून तो नुसताच उभा राहिला, आणि नुसतं उभं राहिल्यानं त्याला व्हरांडा नीट दिसला. एका रांगेत, सारख्या अंतरावर, खांब. त्याच्या मनात काहीतरी हललं. वादळात कुठं तार तुटली की फॉल्ट हुडकत लाईन धरून जावं लागे, काळ्या चिखलातून, तुरीच्या धसकटांतून, ओढ्यातून. तेव्हा म्हातारा वायरमन त्याला सांगायचा, "पायाकडं बगू नगंस. फुडचा खांब बग. पाय येतेत आपोआप मागं." पंडितनं पुढचा खांब बघितला. त्याच्या बुडाशी चुना उडालेला होता, मधे एक खिळा होता, त्यावर वसतिगृहातल्या कुणा पोरीनं कपडे वाळत घालायला बांधलेली दोरी अजून लोंबत होती. तो खिळ्याकडं बघत राहिला आणि पाय निघाला. चहा गार मिळाला. त्या चहाइतकी गोड वस्तू त्यानं त्या वर्षात खाल्ली-प्यायली नव्हती.

मग तो चालतच राहिला. या खांबापासून त्या खांबापर्यंत, तिथून पुढच्या. सकाळी, ऊन चढायच्या आधी, उतरल्यावर. पडलाही, दोनदा, गुडघे फुटले, कुणी उचललं नाही, स्वतःच खांबाला धरून उठला. बटणं स्वतः लावायला लागला, एक चुकीच्या काजात गेलं तर तसंच राहू द्यायचा. महारुद्र खाटेवरून बघायचा. बरं वाटायला लागल्यावर त्याची जीभही सुटली होती. "काका, तुमी कुठं निघायलाव रोज? पालमला चाललाव का पायी?" पंडित म्हणायचा, "फॉल्ट हुडकायलोय शेठ." त्याला मोठ्यानं बोलावं लागायचं, कारण महारुद्र जवळ येऊ देत नव्हता, आणि अशानं आवाजही जरा वर आला. बाहेर रुग्णवाहिका ओरडत जायच्या. समोरच्या खोलीतला एक जण एका सकाळी हलवला तो परत आला नाही. असल्या जागी आपल्याला बरं वाटतंय, याची पंडितला शरम वाटायची. पण पायांना शरम नव्हती. संध्याकाळी सिद्धोधनचा फोन यायचा. "ऑक्सिजन किती? जेवलाव का? कोण चारतंय?" पंडितनं एकदा सांगून बघितलं, "सिद्धा, मी हितं चालायलोय. सगळा व्हरांडा चालतोय मी." पलीकडून रडका, चिडका आवाज आला, "कामून चालायलाव दादा? तुमाला कोनी धरायला बी न्हाई का तिथं? मी बोलतो त्या लोकांला." दुसऱ्या दिवशी भक्ती सिस्टरला कुठून तरी फोन आला, आणि तिनं येऊन लांबूनच विचारलं, "काका, काही तक्रार आहे का तुमची?" तेव्हापासून पंडित फोनवर फक्त आकडा सांगायचा.

आणि आता सुट्टी. खांबाला धरून उभ्या उभ्याच पंडितनं ठरवलं की फोनवर सांगून उपयोग नाही, सिद्धोधननं डोळ्यांनी बघितलं पाहिजे. नातेवाइकांना फाटकाच्या आत सोडत नव्हते. पायरीपासून फाटकापर्यंत मोकळं पटांगण होतं. ते पटांगण तो एकटा, कुणाचा हात न धरता, मुलाच्या देखत चालत जाणार. हरिओम आत चालत गेला आणि बाहेर आला नाही. बाप बाहेर चालत येताना दिसला तर सिद्धोधनच्या काळजातली ती गाठ सुटेल. माळ्यावरच्या चपला खाली येतील. नाही तर खुर्ची, आणि खुर्चीनंतर खाट, आणि खाटेवरून मग चार खांदे. हा रस्ता त्याला स्पष्ट दिसत होता. दिसत होतं म्हणूनच त्याला रात्रभर झोप आली नाही.

सकाळी त्यानं गोळी बेतानं घेतली. गोळी लागायला घंटाभर, मग तिचा जोर टिकतो तोवर अंग हलकं असतं, नंतर ते हळूहळू पुन्हा जड होतं. सिद्धोधन नवाला येणार होता. नऊ वाजले. पिशवी भरून तो पायरीशी स्टुलावर बसला होता, दाढी केलेली, बटणं नीट. फाटकापाशी रिक्षा येत होत्या, त्यातून दुसऱ्यांचीच माणसं उतरत होती. साडेनऊला फोन आला की नाक्यावर पोलिसांनी अडवलंय, पास बघायलेत. पंडित डाव्या हाताकडं बघत होता. बोटं अजून शांत होती. दहा वाजले. ऊन पटांगणात उतरलं, माती पांढरी फटक दिसायला लागली. अंगठा हळूच तर्जनीवर फिरायला लागला, तेव्हा त्यानं दुसऱ्या हातानं तो दाबून धरला, जसा काही हातानं धरल्यानं गोळीचा जोर थांबणार होता. पाठीमागं दारात महारुद्र येऊन उभा होता, त्याचीही सुट्टी दोन दिवसांवर आलेली. "काका, सावलीत बसा की," तो म्हणाला. आज पहिल्यांदाच तो हातभर अंतरावर आला होता. पंडितनं ऐकलं नाही. फाटकाशी एक रिक्षा थांबली होती आणि तिच्यातून सिद्धोधन उतरत होता, तोंडावर दोन मास्क, हातात रबरी मोजे. किती वाळला होता तो. शर्ट खांद्यावरून लोंबत होता.

पंडित उठला. पटांगणात खांब नव्हते, पण त्यानं आदल्या दिवशीच खुणा हेरून ठेवल्या होत्या. आधी हातपंप. तिथून लिंबाचं झाड. तिथून पुढं फाटकाशी उभा असलेला मुलगा, तो शेवटचा खांब. हातपंपाकडं बघत तो पायरी उतरला. पाय आला. दुसरा आला. माती पायाखाली गरम लागत होती आणि बरी वाटत होती. हातपंप मागं पडला. लिंबाच्या सावलीत एक कुत्रं पडलं होतं, त्यानं मान वर करून बघितलं आणि पुन्हा टाकली. आता झाड संपलं, आता फक्त सिद्धोधन. पंडितनं त्याच्या लोंबत्या शर्टाकडं नजर लावली. सिद्धोधनची पाठ होती, तो पहारेकऱ्याला कागद दाखवत होता. वळला. मधल्या उन्हात बाप एकटा, हात सोडून, झुकून पण चालत येतोय हे त्याला दिसलं. पंडितला ते त्याच्या डोळ्यांत दिसलं, आणि आयुष्यात कधी नव्हे इतका आनंद झाला. झालं. बघितलं त्यानं.

"दादा!" सिद्धोधन किंचाळला. "दादा, थांबा! पडसाल! कुनी सोडलं तुमाला?" पहारेकऱ्याचा हात झटकून, फाटकात आडव्या बांधलेल्या बांबूखालून वाकून तो पळत सुटला. आता खांबच धावत अंगावर यायला लागला तर लाईनमननं कशाकडं बघायचं? नजर सुटली. पाय चिकटले. धड पुढं गेलं, जमीन वर आली, आणि जमिनीच्या आधी सिद्धोधन आला. त्यानं बापाला दोन्ही हातांनी छातीशी आवळलं. मागून महारुद्र ओरडत होता, "ओ भाऊ, सोडा तेंला! तुमीच पाडलाव तेंला! रोज चालतेत काका, मी बगतोय ना!" सिद्धोधनला काही ऐकू येत नव्हतं. तो रबरी मोज्यांच्या हातानं बापाची पाठ, मान, डोकं चाचपत होता, सगळं जागेवर आहे का बघत असल्यासारखा. "मी आलो नसतो तर? दादा, मी नसतो आलो तर?"

पंडितच्या पायांतली अडचण सुटली. नेहमी अशीच सुटायची, अडली तशी आपोआप. त्याला कळलं की आता पाय उचलला तर उचलेल. गोळीत अजून थोडा जीव होता, फाटक समोर होतं, उरलेली वाट पाचपन्नास हातांची. 'मागं सरक' एवढंच म्हणायचं होतं, आणि आवाजही होता. त्यानं तोंड उघडलं, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की त्याच्या छातीशी काहीतरी थरथरतंय, आणि ते त्याचं नाही. त्याचा स्वतःचा हात या घडीला शांत होता. थरथरत होता सिद्धोधन, टाचेपासून डोक्यापर्यंत. त्यानं बापाला सावरलं नव्हतं, तो बापाला धरून उभा होता. दवाखान्याच्या दारात सोडलेला एक माणूस परत आला नव्हता, आणि दुसरा आता हातात आला होता. तो सोडायला सांगणं म्हणजे पोराचे हात तोडण्यासारखं होतं. पंडितनं लिंबाकडं बघितलं, फाटकाकडं बघितलं. आपण आता काय देऊन टाकतोय हे त्याला पुरतं ठाऊक होतं. ते परत मिळणार नव्हतं, हेही.

त्यानं हळूहळू अंग सैल सोडलं आणि सगळा भार मुलाच्या खांद्यावर टाकला. सिद्धोधनचा हुंदका थांबला, पाय रोवले गेले, पाठ ताठ झाली.

"चल," पंडित म्हणाला, अगदी स्वच्छ, ऐकू जाईल असं. "उचल मला."